बहिरीचा कौल आणि माझा नकाशा

मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. ज्याला मुलगी आहे त्याला हे समजावून सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

आयुष्यभर मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर जुनी देवळं आणि लेणी बघत हिंडायचा नाद लागला. आमच्या घरातून या नादाबद्दल एकच मत व्यक्त होतं, "आधी गच्चीवरची गळकी टाकी बघा, मग शिलाहारांचं बघा." अशा माणसाला जानेवारीत व्याह्यांचा फोन आला. माझी मुलगी स्वाती कर्जत तालुक्यात, कडावच्या पुढच्या एका गावात दिली आहे. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आता देवस्थान कमिटीचे अध्यक्ष झाले आहेत.

"व्याही, आपल्या बहिरीचं जुनं देऊळ पाडून नवं बांधायचं ठरलंय. आरसीसी. नकाशा तुमीच काढायचा. घरचा माणूस असताना भायेर कशाला जायचं?"

गेली पाच वर्षं मी भेटेल त्याला "जुनं देऊळ पाडू नका हो" असं सांगत आलो आहे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कधी येऊ?"

शुक्रवार, देवळात

कर्जत आणि पुढचा टमटमचा प्रवास सोडून देतो, कारण त्यात गुडघ्यांखेरीज सांगण्यासारखं काही नाही. भात केव्हाच कापून झालं होतं आणि खाचरांत वाल हिरवागार उभा होता. स्वातीने बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. माझे वडील नातू होईपर्यंत माझ्या बहिणीच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. मी बिरडं दोनदा मागून घेतलं. रूढी बदलतात त्या अशा, भाकरी चांगली असली की.

दुपारी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन देवळात गेलो. बहिरी हा ग्रामदेव. इकडे गावोगाव तो आहे आणि त्याची पूजाअर्चा गुरवाकडे असते. इथले गुरव म्हणजे सखारामबुवा. सत्तरीचा काटक माणूस, अंगात बंडी, कानात एक तुळशीचं पान. मी काही विचारायच्या आत त्यांनी टेपचं टोक धरलं आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. नकाशेवाल्याला एवढी चांगली ओळख पुरते.

देऊळ खालून वर वाचत जावं लागतं. सगळ्यांत खाली काळ्या दगडाचं जोतं, चुना न घालता एकावर एक बसवलेल्या चिऱ्यांचं. हे शिलाहारांच्या वेळचं किंवा जरा नंतरचं असावं. गाभाऱ्याच्या भिंती त्याच दगडाच्या, पण छातीच्या उंचीपर्यंतच. मूळ देऊळ केव्हातरी कोसळलं असणार, कारण तिथून वर अचानक विटा आणि चुना सुरू होतो. त्यावर पेशवाईच्या सुमाराचा एक छोटा घुमट आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार मिनार. बांधणाऱ्याने कुठल्याशा दर्ग्याचा घुमट पाहिला असेल, त्याला आवडला असेल, त्याने बांधला. कुणी मोर्चा काढल्याची नोंद नाही. पुढचा सभामंडप कौलारू, सागाच्या खांबांचा. त्या खांबांना नंतर सिमेंटचं वेष्टन घालून गोल केलेलं, त्यावर संगमरवरासारखा दिसणारा रंग. खाली ग्रॅनाइट, मध्ये मोरांच्या चित्रांच्या फरशा, वर पीओपीचं कमळ. कमळातून एक पंखा लोंबत होता.

मला हळहळ वाटली. वहीत मी प्रत्येक थराच्या पुढे शेरे लिहीत गेलो. "विद्रूपीकरण एक", "विद्रूपीकरण दोन" असे. चौथ्या शेऱ्याला पेन्सिल थबकली. घुमटापुढेही मी "विद्रूपीकरण" लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तो घुमट मला फार आवडला होता. दोनशे वर्षांपूर्वी माझ्यासारखाच कुणीतरी नादिष्ट म्हातारा इथे उभा राहून "काय ही विटांची गाठोडी!" म्हणत कपाळ बडवत असेल. मी शेरा खोडला आणि खाली नुसतं माप लिहिलं.

गाभाऱ्यात बहिरी. म्हणजे कमरेएवढा उंच, गोलसर, चकचकीत नारिंगी गोळा, त्याला चांदीचे दोन डोळे.

"शेंदूर एवढा चकाकतो?" मी विचारलं.

"शेंदूर नाय ओ, ऑइलपेंट हाय," सखारामबुवा म्हणाले. "मागच्या कमिटीनं लावला. शेंदूर लोकांच्या कपड्यांना लागतो बोल्ले."

मग त्यांनी टेप गुंडाळली आणि उंबऱ्यावर बसले. नवीन देऊळ आठ महिन्यांत उभं राहणार होतं. त्यात राजस्थानातून आणलेली संगमरवरी मूर्ती बसणार होती, मिशा आणि घोड्यासकट. आणि हा जुना दगड धरणाच्या पाण्यात सोडायचा होता. दुखावलेली किंवा झिजलेली मूर्ती पाण्यात सोडायची, असं शास्त्र आहे हे खरं. पण बुवांनी त्या दगडाला वयाच्या बाराव्या वर्षापासून रोज आंघोळ घातली होती.

"पोराला न्हाऊ घालायला लागतं ते दहा वर्सं," ते म्हणाले. "याला साठ वर्सं घातली. आता मलाच होडीत बसून सोडून यायला सांगतायत."

"देवाला विचारलं का?"

"रविवारी कौल हाय. पण देव हो म्हणणार."

"कशावरून?"

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं. कौल म्हणजे काय ते आधी सांगतो. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, भांडण, सगळ्याचा निवाडा असा होतो. कोर्टापेक्षा लवकर होतो आणि अपील नसतं.

"हितं बघा," बुवांनी बोट लावून दाखवलं. रंग लावणाऱ्याने घाई केली होती. देवाच्या उजव्या खांद्यावरून रंगाचा एक जाड ओघळ खाली येऊन तसाच वाळला होता, लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा गुळगुळीत. "पाकळी ठेवायचा अवकाश, सर्रकन खाली. पेंट लागल्यापासून देव नाय म्हणायचाच इसरलाय. ग्रॅनाइटला हो बोल्ला, मोराच्या फरशीला हो बोल्ला, पंख्याला हो बोल्ला. मी बोलू कुणाला? कौल लावणारा मीच. गुरवानं कौलावर शंका घेतली तर गाव काय करंल?"

मला हसू आवरेना. बुवा हसले नाहीत, आणि त्यांचा चेहरा बघून माझंही हसू विरलं. गेल्या काही वर्षांत या देवळाचं जे काही झालं त्याचा खरा आर्किटेक्ट तो ओघळ होता. आता तोच बुवांच्या देवाला बुडवायला निघाला होता.

"थिनरने निघेल," मी म्हणालो. नकाशेवाल्याच्या तोंडात अशी वाक्यं सहज येतात.

शनिवार, कोंडाण्याला आणि परत

सकाळी उठून मी कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी बघायला गेलो. व्याह्यांना सांगितलं, "नव्या देवळासाठी अभ्यास करतो." ते खूश झाले.

पायथ्याच्या गावापासून वरची वाट रानातून जाते, आणि माझ्या वेगाने ती तासभर जाते. लेणी मोठी आहेत आणि जखमी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंसाठी कोरलेलं चैत्यगृह. दर्शनी भागाला दगडी कठडे, कमानी, तुळयांची टोकं. सगळं लाकडी घराची हुबेहूब नक्कल. लाकूड ज्यांच्या हाताला सवयीचं होतं त्यांना दगड मिळाला, तर त्यांनी दगडातही लाकूडच कोरलं. काल सिमेंटच्या खांबांवरचा संगमरवरी रंग पाहून मी नाक मुरडलं होतं. इथे त्याच खोडीकडे मी तासभर आ वासून पाहत होतो. वय वाढलं की खोडीची कला होते, एवढाच फरक.

आत बरेच खांब खालून नाहीसे झाले आहेत. वरचे तुकडे छताला तसेच लटकलेले आहेत. पायरीवर वरच्या वाडीची एक ठाकर बाई आवळे विकायला बसली होती. तिला विचारलं, "मावशी, हे खांब तुटले, छत कसं पडलं नाही?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "डोंगराला खांब कशाला लागतोय? खांबच डोंगराला धरून हायेत. आवळं घे. मीठ लावून देतं."

चाळीस वर्षं लोड-बेअरिंगचे हिशेब केलेल्या माणसाने मुकाट्याने आवळे घेतले. लेण्यातला खांब काही धरत नाही, तो नुसता धरल्यासारखं करतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण असं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

उतरताना एकदा बसून घसरलो. हाड शाबूत राहिलं, पँट नाही. त्या अवस्थेत कर्जतच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो आणि रंग काढायचं औषध मागितलं.

"लोखंडावर मारायचंय का लाकडावर?" दुकानदाराने विचारलं.

"दगडावर."

"कसला दगड?"

"जुना आहे," मी म्हणालो. देव म्हणालो असतो तर त्याने कुठली बाटली काढली असती कोण जाणे.

दुपारी गावात शुकशुकाट होता. माळावर टेनिस बॉलची टुर्नामेंट होती आणि झाडून सगळं गाव तिकडे लोटलं होतं. भोंग्यावरून समालोचन येत होतं. गाभाऱ्यात मी आणि बुवा, हातात चिंध्या. बुवांनी आधी देवाला हात जोडले, "जरा झोंबंल बाबा, सांभाळून घे." मी पाठीमागे खाली एका कोपऱ्यात औषध लावून पाहिलं. रंग सुरकुतला, फुगला. पुढचा ओघळ पुसायचा आणि थांबायचं, एवढाच आमचा बेत होता.

पण ऑइलपेंटच्या खाली शेंदूर होता, शेंदराखाली शेंदूर, कित्येक पिढ्यांचा, तेलाने घट्ट झालेला. पेंट सुटला तशी त्या सगळ्याची पकड गेली. आधी बारीक कर्र असा आवाज आला. मग उजव्या खांद्यापासून एक हातभर खपली सुटली आणि बुवांच्या मांडीवर आली. तिच्यामागून डावीकडची. भोंग्यावर "आऊऽऽट!" असा गलका झाला.

आतून एक बुटका माणूस निघाला. दगडाचा, ढेरपोट्या, गुडघे दुमडलेला. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. दोन्ही हात कोपरातून वर, तळवे आभाळाकडे सपाट.

मी त्याला लगेच ओळखलं. जुन्या देवळांत खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या खाली असे बुटके कोरलेले असतात. त्यांना भारवाहक म्हणतात. छताचं ओझं उचलल्यासारखं करायचं, एवढंच त्यांचं काम. ते देव नसतात. देवाच्या घरचे गडी असतात, आणि तेही सगळ्यांत खालच्या पायरीवरचे. मूळ देऊळ पडलं तेव्हा ढिगाऱ्यात हा एकटा चेहरा असलेला दगड शिल्लक राहिला असणार. लोकांनी त्याला उचलून गाभाऱ्यात उभं केलं, शेंदूर लावला, आणि शतकानुशतकं त्याच्याकडे पोरंबाळं आणि पाऊस मागितला.

"असा हाय व्हय आमचा बहिरी," बुवा पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी याला कधी बघितलाच नव्हता."

माझ्या जिभेवर सगळी माहिती तयार होती, शिलाहारांपासून. ती मी गिळली. मला वाटलं, हे सांगितलं तर यांची साठ वर्षं पाण्यात जातील, आणि भाऊंना कळलं तर दगडही जाईल. पण गप्प बसल्याची मला लाजही वाटत होती. जुन्यातलं खरं काय ते शोधत हिंडणारा मी, खरं सापडल्यावर चिंधीने हात पुसत बसलो होतो.

बुवांनी नवा शेंदूर तेलात कालवला आणि पातळसा लेप दिला. चांदीचे डोळे त्या वटारलेल्या डोळ्यांवर बसेनात, म्हणून ते ताटात ठेवून दिले. टुर्नामेंट सुटताच बुवा पारावर जाऊन उभे राहिले आणि जाहीर करून टाकलं, "देवानं कवच टाकलंय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. शेंदराचं कवच आपसूक गळून पडणं ही मोठी गोष्ट मानतात. गाव देवळाकडे लोटलं. सामना हरलेला संघ तर लगेच नारळ घेऊन आला.

रविवार, कौल

सकाळी आठला सगळे जमले. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, भाऊ पुढे, नव्या धोतरात. माझ्या बगलेत नव्या देवळाचा कच्चा नकाशा होता. बुवांनी झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि खांद्यांवर लावल्या. मग गाऱ्हाणं घातलं. "बा बहिरी, गाव तुला नवं घर बांधतंय. तुला पाण्यात सोडून नवी मूर्ती बसवायची बोलतंय. तुझ्या मनात असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

आजवर एवढं बोलेपर्यंत पाकळी पडलेली असायची. आज दोन्ही पाकळ्या जरा घसरल्या आणि वर केलेल्या हातांच्या कोपरात जाऊन बसल्या. तिथेच राहिल्या.

साडेआठ वाजले. भाऊंनी पंखा चालू करायची सूचना केली. "देवाला वारा घालून हो म्हणवतो का रं भाऊ?" असं म्हणत एका म्हातारीने त्यांना गप्प केलं. नऊ वाजले. कुणीतरी चहा आणला. बुवांनी गाऱ्हाणं पुन्हा घातलं, मग तिसऱ्यांदा. पाकळ्या सुकायला लागल्या, पण हलल्या नाहीत. मला त्या कोपरांचा कोन दिसत होता आणि त्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत पडणार नाहीत, हे गणिताने कळत होतं. तरी पाकळ्यांवरून माझी नजर हलत नव्हती. बुवा देवाकडे बघत नव्हते, डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

अकराच्या सुमाराला तीच म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "धरून बसलाय रं तो. सोडत नाय. त्याला जायचं नाय हितनं. एवढं कळत नाय का तुमाला?"

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ हुशार माणूस. कारखान्यात युनियन सांभाळलेला. त्यांनी दोन क्षण विचार केला आणि मोठ्याने म्हणाले, "मी काय वेगळं बोलतोय का? देव हितंच ऱ्हाणार! गाभाऱ्याला हात लावायचा नाय. नवीन देऊळ त्याच्यावरनं उभं करायचं. आमचे व्याही कशाला हायेत?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर मी आता तो नकाशा काढतो आहे. शिलाहारांचं जोतं, पेशवाईचा घुमट, आणि त्या सगळ्याला पोटात घेणारा माझा आरसीसीचा मंडप. चार मोठे खांब आणि वर स्लॅब. घुमटाला श्वास घेता यावा म्हणून मी वरती दहा फूट मोकळे सोडले आहेत. मोराच्या फरशा काढा म्हणून मी फार विनवलं, त्याला भाऊंनी "बघू" असं उत्तर दिलं. मिशांची मूर्ती सभामंडपात बसणार आहे, घोड्यासकट. अजून दोनशे वर्षांनी कुणी वहीवाला आला तर माझ्या स्लॅबपुढे "विद्रूपीकरण पाच" लिहील. लिहू दे.

त्या रविवारी निघायच्या आधी मी देवळात गेलो. गर्दी पांगली होती, बुवा निर्माल्य गोळा करत होते. मला राहवेना. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हा बहिरी नाही, हा भारवाहक. खांबावरचा गडी. छत धरल्यासारखं दाखवायला कोरलेला. मूळ देव कुठला होता ते कुणालाच माहीत नाही.

हातातली फुलं बुवांनी परडीत ठेवली.

"म्हंजे याला कुणीतरी सांगितलं व्हतं, हे धर म्हणून?"

"हो. त्या वेळच्या पाथरवटांनी."

"आनि मंग ते देऊळ पडलं."

"पडलं."

"देव गेला, राजा गेला, पाथरवट गेलं. शेंदरात गाडला गेला. तरी यानं हात खाली घेतलं नाईत?"

"नाही," मी म्हणालो.

बुवांनी वाकून त्या बुटक्याच्या तळव्यावरची धूळ पंचाच्या टोकाने पुसली.

"मंग साहेब," ते म्हणाले, "देव आनखी कसा असतो?"